शर्ट कोण धुतं, हे विचारायला रोह्याला गेलो

पेणला जायचं आमच्या गावात कुणाला कारण पडत नाही. कोर्टकचेरीला पुण्याला जातात, नोकरीला मुंबईला जातात. पेणला कोण जातं? मी गेलो. रोह्यापर्यंत जाऊन पाचव्या दिवशी परत आलो. आता पारावर बसलं की जो तो विचारतो, "अण्णा, काय बघितलं तिकडं?" एकेकाला सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून काढतोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका निघतील. काढत बसू नका.

आधी का गेलो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी बायको पेणकडची. तिचा बाप मिठाच्या बैलगाड्या घेऊन घाट चढायचा आणि चाकणच्या बाजारात उतरायचा. माझ्या बापाशी त्याची ओळख झाली आणि मिठाबरोबर पोरगीही घाटावर आली. पंचेचाळीस वर्षं तिनं माझा संसार केला. गेल्या श्रावणात गेली. आधी हात कापायला लागले, मग पाय ओढत चालायला लागली, मग घास गिळेना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरणा डॉक्टर होता. सगळं तपासून झाल्यावर त्यानं विचारलं, "शेतात औषधं फवारता का?"

मी म्हटलं, "फवारतो की. टोमॅटो, कोबी, बटाटा. वीस वर्षं झाली. पण फवारतो मी. ही पंपाला हात लावत नाही."

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं. "फवारणीचे कपडे कोण धुतं, आजी?"

तिला राग आला. म्हणाली, "मी धुते. आणखी कोण धुणार? घरात काय मोलकरीण ठेवलीय?"

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठला. मी त्याला बाहेर गाठलं. त्यामुळंच झालं का, म्हटलं. तो म्हणाला, "सांगता येत नाही. असेल, नसेलही. या वयात हा आजार तसाही होतो."

असेल, नसेलही. हे घेऊन मी पाच महिने घरात बसलो. फवारलं मी, आणि मी ठणठणीत. तिनं नुसते शर्ट धुतले, ती गेली. असं कसं? विचारायचं कुणाला? मग आठवलं, तिच्या धाकट्या बहिणीचा जावई रोह्याला औषधांच्या कंपनीत कामाला आहे. माणसाची औषधं नव्हे, पिकावर मारायची. जिथं ती बनतात तिथल्या माणसाला माहीत असणार. शिवाय तिच्या दोन साड्या बहिणीला द्यायच्या होत्या. साड्या पिशवीत घातल्या आणि पौषाच्या थंडीत निघालो.

पेण

खरं म्हणजे पेणला उतरायचंच नव्हतं. मेहुणीचं गाव गागोद्याच्या अलीकडं, खोपोली-पेण रस्त्यापासून आत. खोपोलीला घाट उतरला, हवा गरम झाली, मी स्वेटर काढून उशाला घेतला आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा कंडक्टर म्हणत होता, "बाबा, पेण. गाडी इथंच संपते." फाटा कधीच मागं पडला होता.

परतीच्या गाडीला दीड तास होता, म्हणून गावात फिरलो. बरं झालं. पौषाचा महिना आणि घराघराच्या ओटीवर गणपती! पांढरेफटक, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे, ओळीनं वाळत ठेवलेले. एका ओटीवर एक म्हातारा ब्रशनं सोंडेवरची धूळ झटकत होता. मी म्हटलं, "अजून सात-आठ महिने आहेत की."

तो वर न बघता म्हणाला, "तुमचं पीक एका दिसात येतं काय?"

मला पटलं. तिथंच उभा राहिलो. त्यानं सांगितलं, डोळे सगळ्यात शेवटी. तोवर तो गणपती नाही, नुसता माल. आमच्या गावात गणपती विकत आणून बसवतात, तो कुणीतरी आठ महिने आधी ओटीवर वाळवलेला असतो हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पेणचे पापड नाव ऐकून होतो. मेहुणीसाठी एक पुडकं घेतलं. गाडीत गर्दी झाली, पिशवी बाकावर ठेवली आणि एक बाई उभी होती तिला जागा द्यायला सरकलो तो नेमका पुडक्यावर बसलो. आवाज सगळ्या गाडीनं ऐकला.

मेहुणीचं गाव

मेहुणीचं नाव पारू. माझ्या बायकोपेक्षा दहा वर्षांनी लहान. अंगानं काटकुळी, तोंडानं गिरणी. साडूचं नाव हिराजी. मला बघून पारू अंगणातच थांबली. हातातली परडी खाली ठेवली.

"भावोजी, एकटंच आलाव?" म्हणाली, आणि मग आपण काय विचारलं ते तिचं तिला कळलं. पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर बसली. "बाय गेली तवा मना यायला जमलं नाय. भाताची लावणी होती. लावणी काय जन्माची वाट बघत व्हती?"

मी साड्या दिल्या. तिनं एक उलगडली, अंगावर धरली, परत घडी घातली. मग पापडाचं पुडकं उघडलं आणि रडता रडता हसायला लागली. "पेणकरणीला पेणचा पापड आणलाव, तो पण भुगा करून! चला, आमटीत घालू."

जेवायला तांदळाची भाकरी होती. आमच्या बाजरीच्या भाकरीवर कांदा ठेवून मूठ मारली तरी ती टिकते. ही तांदळाची मऊ, कागदासारखी दुमडते. वर सुका जवळा, म्हणजे राईएवढी मासळी, कांद्यात परतलेली. मला आधी वाटलं कोंडाच आहे. खाल्ल्यावर तिसरी भाकरी मागितली. हिराजी म्हणाला, "घाटी मानूस मासळी खायला लागला. आता अवकाळी पाऊस पडतोय बघा."

वालाचं शेत

सकाळी हिराजीबरोबर शेतावर गेलो. तिकडं भात काढलं की त्याच वाफ्यात वाल पेरतात. पाणी द्यायचं नाही. जमिनीत जी ओल राहिली आणि रात्री जे दव पडतं, त्यावर येतात. आमच्याकडं तासभर वीज गेली तर माणसं तोंडाला फेस येईपर्यंत शिव्या देतात. इथं मोटर नाही, पाट नाही, आणि वेल शेंगांनी वाकलेले. पेणचा वाल मी पंचेचाळीस वर्षं खाल्ला, पारू दर साली शेरभर पाठवायची, पण उभा असलेला पहिल्यांदा बघितला.

शेंड्यांवर मावा होता. हिराजीनं पंप पाठीवर घेतला. डबा आमच्याकडं मिळतो त्याच औषधाचा, लाल तिकोनाचा, वर कवटी. "जावयानं आणून दिला," तो म्हणाला. "रमेसला सवलतीत भेटतो." काठीनं ढवळलं, तोंडाला फडकं बांधलं, वाऱ्याकडं पाठ करून फवारायला लागला. पद्धत माझीच. पंपही माझ्यासारखाच होता, झाकणाजवळून गळका. चार ओळी झाल्या तोवर शर्ट पाठीवर कमरेपर्यंत ओला.

बांधाच्या कडेचा एक तुकडा त्यानं सोडला. तिथं काठीला लाल चिंधी बांधलेली.

"तिथं मावा नाही?"

"तो घरचा हाय," हिराजी म्हणाला. "तिथं मारीत नाय. पोपटी करायची ना आज तुमच्यासाठी."

मी हसलो. माझ्या शेतातही विहिरीजवळच्या दोन ओळी टोमॅटो घरच्या. तिथं पंप फिरत नाही. नातवंडांनी रानातला दुसरा टोमॅटो तोंडात घातला तर मी पाठीत धपका घालतो. मी म्हटलं, "आणि बाकीचं जे विकत घेतात त्यांनी?"

"ते धुऊन खातात," हिराजी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "खात असतील." मीही वीस वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय.

दुपारी पारू धुणं घेऊन नदीच्या डोहावर गेली. मीही सावलीला जाऊन बसलो. हिराजीचा शर्ट तिनं बाकीच्या कपड्यांत भिजवला, दगडावर घासला, दोन्ही हातांनी पिळला. पिळताना पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग त्याच हातानं डोळा चोळला, केस मागं केले. उठताना दगडाला धरून जरा थांबली.

"काय झालं?"

"काय नाय. फवारनीचं धुनं झालं का डोकं जड होतं, डोल्यासमोर धुरकट येतं. चा घेतला का उतरतं."

चहा घेतला की उतरतं. माझ्या बायकोचं वाक्य. शब्दाला शब्द. वीस वर्षं मी ते ऐकलं आणि दर वेळी म्हटलं, "मग घे चहा."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण काय बोलणार? डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणाला होता, मी चौथी शिकलेला काय सांगणार? म्हटलं, उद्या रोह्याला जाऊन विचारू, मग बोलू.

संध्याकाळी पोपटी झाली. तुम्ही खाल्ली नसेल, म्हणून सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला. हा पाला तिकडं बांधावर आपोआप उगवतो, चुरगळला की ओव्यासारखा वास येतो. त्यावर वालाच्या शेंगा सालीसकट, मीठ, ओवा, मधे अंडी. परत पाला कोंबून तोंड बंद. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि वरून पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाणी एक थेंब नाही. अर्ध्या तासानं हिराजीनं मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणाला, "झाली." शेंग दातांनी ओढायची, दाणा तोंडात, साल हातात. आमच्या हुरड्याला लोक पुण्याहून येतात. पोपटीपुढं तो हुरडा जरा फिका वाटतो. मी सालींचा ढीग लावला.

पारूच्या हातात साल होती ती बारीक थरथरत होती. मी बराच वेळ बघत होतो. विस्तवाच्या उजेडामुळं असेल, म्हटलं. असेल, नसेलही.

रोहा

सकाळी पेणला येऊन रोह्याची गाडी धरली. वडखळला निम्मी गाडी रिकामी झाली. डबे घेतलेली तरणी माणसं डोलवीच्या लोखंडाच्या कारखान्याकडं निघाली. नागोठण्यानंतर डोंगर जवळ आले. रोहा गाव छान आहे, नदीच्या कडेनं वसलेलं. जाता जाता दिसलं तेवढं बघितलं. पण मला घाई होती. रमेशची पाळी तीनला सुटते असं पारूनं सांगितलं होतं.

कारखान्यांची वसाहत गावापासून जवळच. रिक्षातून उतरलो आणि वास आला. सडका लसूण आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा. मी जागीच उभा राहिलो. वास ओळखीचा होता. फवारणीच्या दिवशी माझ्या शर्टाला यायचा. आणि संध्याकाळी ती ताट वाढायला वाकली की तिच्या पदरालाही यायचा. मला तेव्हा वाटायचं, हा माझ्याच नाकात बसलाय.

फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथं बसलो. आत सोडत नाहीत. तीनचा भोंगा झाला, फाटक उघडलं आणि माणसं बाहेर यायला लागली. पन्नास, साठ, मोजली नाहीत. आणि सगळ्यांचे केस ओले! तेल लावून भांग पाडलेले, अंगावर स्वच्छ इस्त्रीचे शर्ट, तोंडं साबणानं धुतलेली. दुपारी तीनला एवढ्या माणसांनी एकदम अंघोळ केलेली मी फक्त मयताला बघितली होती. मी टोपी काढली आणि टपरीवाल्याला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कुठं?"

"कंपनीत. सगळे अंघोळ करून आले."

टपरीवाला एवढा हसला की चहा उतू गेला. बाकावरचेही हसले. "ओ रमेश, तुमचे पाहुणे कंपनीत मयत शोधतायत!"

रमेश गर्दीतून आला. पस्तिशीचा, सज्जन माणूस. पाया पडला. त्याचेही केस ओले. मी म्हटलं, "जावईबापू, हे काय आहे? घरी मोरी नाही का तुमच्या?"

"नाय हो काका," तो हसत म्हणाला, "नियम हाय. अंघोळ केल्याशिवाय बाहेर सोडत नायत." आणि घराकडं चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. मी मधे मधे थांबवून विचारत होतो, कारण मला विश्वास बसत नव्हता. आत गेलं की घरचे कपडे एका कपाटात ठेवायचे. पलीकडं दुसरं कपाट, त्यात कंपनीचे कपडे. काम झालं की ते तिथंच उतरवायचे, मधे अंघोळ करायची, मग घरचे घालायचे. कंपनीचा कपडा फाटकाबाहेर न्यायचा नाही. आतच धुतात, मशीनवर. दर काही महिन्यांनी रक्त काढतात. औषध अंगात उतरलंय असं दिसलं तर त्या माणसाला त्या खात्यातून काढून बागेत नाहीतर ऑफिसात बसवतात, रक्त सुधारेपर्यंत.

"तुम्ही ते पितबित नाही ना?"

"नाय हो. प्यायची काय गरज? कातडीतून जातं ना आत. कपडा ओला असला का जास्त."

मी रस्त्यात उभा राहिलो. एक ट्रक भोंगा वाजवत गेला. कातडीतून जातं. तोंडाचं आम्हा सगळ्यांना कळत होतं. घरच्या ओळी वेगळ्या ठेवण्याइतकं कळत होतं. हाताचं कुणालाच कळलं नव्हतं.

घरी रमेशची बायको कमल, म्हणजे पारूची मुलगी, वाट बघत होती. दहावी शिकलेली, बोलायला आईवर गेलेली. मी बसलो आणि सरळ विचारलं, "कमल, तू याचा कंपनीतला शर्ट कितीदा धुतलास?"

"एकदा पन नाय," ती म्हणाली. "बारा वर्सं झाली लग्नाला. त्याचा रंग कुठला ते पन मना माहीत नाय."

"निळा," रमेश म्हणाला.

मी कोपरीच्या खिशातून कागद काढला. औषधाच्या डब्याबरोबर घडी घातलेला कागद मिळतो तो. वीस वर्षं मी तो फेकत आलो. या वेळी आणला होता. अक्षर मुंगीएवढं, तेरा भाषांत. कमलनं खिडकीत जाऊन मराठी शोधलं आणि वाचलं, "फवारणीनंतर दूषित कपडे व शरीराचे भाग धुवावेत."

"पुढं?"

"बस. एवढंच."

"कुणी धुवावेत ते नाही?"

"नाय."

कमलनं कागद खाली ठेवला. तिच्या डोक्यात काहीतरी चालू झालेलं मला दिसलं. नवऱ्याकडं वळली. "अहो. बाबांना तुमी डबा देता. बाबांचा शर्ट आई धुते."

रमेश म्हणाला, "शेतात उघडा वारा असतो गो. आत बंद खात्यात येगळं. आणि मना वाटलं, त्यांना माहीत असंल."

मला आवाज चढवायचा नव्हता, पाहुणा होतो. पण चढला. "बापू, अंघोळ कंपनीत ठेवून येतोस आणि डबा तेवढा सासुरवाडीला नेतोस?"

त्यानं मान खाली घातली. वाईट माणूस नव्हे तो. नियम फाटकाच्या आत शिकला, फाटकाबाहेर तो नियम लागू आहे असं त्याला कुणी सांगितलं नाही. मलाही कुठं कुणी सांगितलं होतं? पण मी शिकलेलाही नाही, कंपनीतलाही नाही.

जेवताना मी शेवटचं विचारलं. त्यासाठीच आलो होतो. "मग माझ्या मंडळींना त्यामुळंच झालं, असं धरू?"

रमेशनं घास खाली ठेवला. "ते मी कसं सांगू, काका? डॉक्टर सांगत नाय ते मी कसं सांगू? एवढंच सांगतो, कंपनी उगाच कुणाला साबण देत नाय."

खरं बोलला. उत्तर मिळालं नाही, पण इतकं सरळ कुणी आजवर बोललं नव्हतं. मी जेवलो. कोळंबीचं कालवण होतं, चांगलं होतं.

परत मेहुणीच्या गावाला

दुसऱ्या दिवशी रमेशला सुट्टी होती. मी म्हटलं, चल. कमलही निघाली. रोह्याच्या बाजारात तिनं कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेतले आणि एक प्लास्टिकची बादली.

आम्ही पोचलो तेव्हा हिराजी उरलेलं शेत फवारून अंगणात येत होता. पाठ ओली. जावई बघून खूश झाला. शर्ट काढला, गोळा केला आणि रोजच्यासारखा पारूच्या धुण्यावर टाकला. पारू धुणं उचलायला वाकली.

मी काठी शर्टावर ठेवली. "पारू, हात लावू नकोस."

"काय झालं, भावोजी? विंचू हाय का?"

"विंचू बरा."

रमेशनं हळू आवाजात सासऱ्याला सांगायला सुरुवात केली. कपाटं, अंघोळ, रक्त, सगळं. हिराजी ऐकत होता पण त्याचं तोंड लाल होत होतं. शेजारच्या दोन बाया कुडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. शेवटी हिराजी म्हणाला, "बरं. मग ह्यो शर्ट कोनी धुवायचा?"

मी म्हटलं, "तू. मोजे घालून, वेगळ्या बादलीत, डोहापासून लांब. आणि शर्ट घरात आणायचा नाही."

"मी?" हिराजी बायांकडं बघून हसला. "मी धुनं धुवायचं? का? बायको मेली काय माजी?"

कुडाजवळच्या बाया हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

"माझी मेली," मी म्हटलं.

  हिराजी माझ्याकडं बघत राहिला, मग पारूकडं बघितलं. पारूनं आपले हात पदरात घेतले होते. त्यानं विचारलं, "पारू, तुजं डोकं जड होतं ते कवापासून गो?"

"मी कदी सांगितलं नाय काय तुमाला?" पारू म्हणाली. "दर येळी सांगते. तुमी म्हनता, चा घे."

हिराजीनं मोजे घातले. एका हाताचा दुसऱ्या हातात घातला, कमलनं नीट करून दिला. शर्ट काठीवर घेतला आणि पुढं चालायला लागला, आम्ही सगळे मागं. वालाच्या शेताच्या खालच्या कोपऱ्याला, डोहापासून आणि विहिरीपासून लांब, रमेशनं खड्डा खणला. धुतलेलं पाणी त्यात. हिराजीला साबण लावायचा कसा तेही माहीत नव्हतं. शर्ट धुताना तो रेड्याला घासल्यासारखा घासत होता. एक बाई ओरडली, "हिराजीदादा, कॉलर राह्यली!" दुसरी म्हणाली, "बटनं संबाळा, नायतर ती लावायला पन शिकायला लागंल!" हिराजीनं दोघींना शिव्या दिल्या, पण कॉलर परत घासली.

पारू आंब्याखाली बसून बघत होती. धुण्याच्या वेळेला रिकामं बसायची सवय नाही, त्यामुळं हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. एकदा मांडीवर, एकदा जमिनीवर. मग म्हणाली, "भावोजी, बायला पन असं कोनीतरी बसवायला पायजे व्हतं."

"होय," मी म्हटलं. 

शर्ट वाळत घातला तो मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, खुंटी ठोकून. तिथंच राहायचा असं ठरलं. हिराजीनं शपथ घेतली नाही. तो म्हणाला, "बगू." मी जास्त ताणलं नाही. वीस वर्षं मी तरी कुठं ऐकलं?

घरी

परत आल्यावर पहिलं काम केलं. गोठ्याबाहेर खुंटी ठोकली, बादली वेगळी केली, वर फळीवर रबरी मोजे आणून ठेवले, पंपाच्या झाकणाला नवीन रबर बसवलं. सुनेनं विचारलं, "मामंजी, हे कशाला?" तिला सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, अण्णा, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, आधी फळीवरचे मोजे घाल.

होळीच्या आधी पारूचा वाल आला, दर सालासारखा, शेरभर. मधे कमलच्या अक्षरात चिठ्ठी होती, पारूनं सांगून लिहवलेली. "भावोजी, वाल चिंधीच्या तुकड्यातला हाय. शर्ट अजून घरात आला नाय. चा प्यायचा तो आता नुसता सवयीनं पिते. पुढच्या वेळी पापड आणू नका."

वालाचं बिरडं आमच्या घरात तीच करायची. भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. सुनेला तेवढा वेळ नाही. मी ओट्यावर बसून सोलले. अख्खी दुपार गेली. बरेचसे दाणे मोडले. ती गप्पा मारत, न बघता सोलायची आणि एक दाणा मोडायचा नाही. त्याच हातांनी.

बिरडं झालं, तिच्यासारखं नाही झालं, सगळ्यांनी खाल्लं.

तिला त्यामुळंच झालं का, ते मला अजून माहीत नाही. आता कळायचंही नाही. पण पारावर कुणी फवारणी करून, पाठ ओली घेऊन येऊन बसला की मी पहिलं विचारतो, शर्ट कोण धुतं? लोक म्हणतात, म्हाताऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

नाही सुचत. पण सांगा, कोण धुतं?